स्टार्ट बटण मधे सरकलं आणि सोसायटीची बिलं थांबली

तलावपाळी_कट्टा (धागाकर्ता)

नौपाड्यातली आमची सोसायटी. २४ बिऱ्हाडं, आणि ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. त्यात एक कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट आणि खजिनदार काका. काकांचं वय ७४. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आयुष्यभर हिशेब सांभाळून निवृत्त झालेले. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सिंकिंग फंडाच्या ठेवी, सगळं त्यांच्या एक्सेलमध्ये. ऑडिटरला आजवर एक रुपयाचा फरक सापडलेला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या मशिनवर विंडोज ११ बसत नव्हतं (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही जुन्या पिढीचा), म्हणून दिवाळीनंतर कमिटीने नवीन मशिन घेतलं. कमिटीतला 'आयटीवाला' मी, तेव्हा सेटअप माझ्याच गळ्यात.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अरे, कोपऱ्यात काहीच नाही."

काका माऊस न बघता खाली डावीकडे नेतात आणि दाबतात. वीस-पंचवीस वर्षांची सवय. तिथे आता हवामान असतं. दाबलं की बातम्यांची अख्खी पाटी उघडते. त्यांना हवं होतं एक्सेल, मिळालं 'ठाणे, ढगाळ'. राइट क्लिक करावं तर ओळखीच्या अर्ध्या गोष्टी 'आणखी पर्याय दाखवा'च्या मागे. तीन दिवस झगडले आणि चौथ्या दिवशी कपाटातून जुनं बिलबुक काढलं. नोव्हेंबरची बिलं सर्वांना हाताने लिहून आली. अक्षर मोत्यासारखं आहे, तो वेगळा विषय.

माझा प्रश्न असा. प्रत्येक वेळी रूप बदललं की आपण ओरडतो आणि दोन वर्षांनी तेच आवडायला लागतं. मग ओरडतो ते खरंच काही बिघडलंय म्हणून, की फक्त हाताची सवय मोडली म्हणून? तुमचे अनुभव सांगा. ठाणे-नवी मुंबईकरांनी विशेष सांगा, कारण सल्ला देणाऱ्याला मामलेदारची मिसळ माझ्यातर्फे.

घणसोली_लोकल

सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार (म्हणजे पडद्याखालची पट्टी), मग बिहेव्हियर्स. तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. दोन मिनिटांचं काम. धागा बंद. मिसळ मध्यम तिखट.

दहा_अ_फलाट

हसून हसून पुरेवाट. 'हवं होतं एक्सेल, मिळालं ठाणे ढगाळ.'

तलावपाळी_कट्टा

@घणसोली_लोकल, ते माहीत आहे हो. मुद्दामच केलं नाही. म्हटलं, आज डावीकडे आणून दिलं तरी पुढच्या वेळी आणखी काही सरकेल. एकदाच काय ते नवीन शिकलेलं बरं.

घणसोली_लोकल

म्हणजे ७४ वर्षांच्या माणसावर प्रयोग चाललाय! मिसळ आता झणझणीतच हवी.

माऊसमामा

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. २०१२ च्या दिवाळीच्या सुमारास विंडोज ८ आलं (२६ ऑक्टोबर, ही तारीख मी विसरणार नाही) आणि पुढचे सहा महिने माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक दुरुस्तीला नाही, 'हा बंद कसा करायचा' ते विचारायला यायचे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टार्ट बटणच नव्हतं. त्याच्या जागी पूर्ण पडदाभर रंगीत फरश्या. मशिन बंद करायचं तर माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून एक पट्टी बाहेर येणार, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाउन. पट्टी तरी कशी, माऊस जरा हलला की पळाली. लोक शेवटी भिंतीवरचा स्विच बंद करायचे. मी चिठ्ठ्याच छापून ठेवल्या होत्या, पाच ओळींच्या. एका वकीलसाहेबांनी ती लॅमिनेट करून मागितली.

बरं, ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ आलं, बटण परत आलं. गिऱ्हाइकं खूश. बटण दाबलं तर परत त्याच फरश्या! पाव दिला, वडा नाही. खरा मेनू परत यायला २९ जुलै २०१५ उजाडलं, म्हणजे विंडोज १०. तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. लोक ओरडले नसते तर तो परत आला नसता. ओरडावं.

अर्धा_कटिंग

मी २००४ चा जन्म. खरं सांगतो, मला प्रॉब्लेमच कळत नाहीये. मधे असलं काय, डावीकडे असलं काय. मी कीबोर्डवरचं खिडकीचं बटण दाबतो, ॲपचं नाव टाइप करतो, एंटर. स्टार्ट मेनूत 'जाऊन' काही 'शोधायचं' ही कल्पनाच म्हातारी आहे. हलकं घ्या.

शून्य_शिल्लक

@अर्धा_कटिंग, नाव आठवलं तर टाइप करशील ना? पन्नाशीनंतर ये, मग बोलू.

खिडकीतला_कावळा

मी महापेला एका कंपनीत इंटरफेस डिझाइन करतो, म्हणजे या धाग्यावरचा आरोपी समजा. थोडं लांबेल.

काकांचं 'न बघता दाबणं' ही नुसती सवय नाही, त्यात गणित आहे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो, ते किती लांब आहे आणि किती मोठं आहे. आता पडद्याचा कोपरा बघा. माऊस कितीही जोरात ढकला, कोपऱ्याच्या पुढे जातच नाही. म्हणजे कोपऱ्यातलं बटण आकाराने लहान असलं तरी हाताच्या दृष्टीने प्रचंड मोठं. नेम धरायलाच नको. गंमत म्हणजे विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण पहिल्यांदा आलं तेव्हा ते कोपऱ्याला अगदी चिकटलेलं नव्हतं, एक-दोन पिक्सेलची फट होती. ठार कोपऱ्यात दाबलं तर लागायचं नाही. नंतर ती फट बुजवली.

विंडोज ११ मध्ये (५ ऑक्टोबर २०२१) ते मधे आणलं. मधे असण्यापेक्षा मोठी अडचण अशी की ते एका जागी राहत नाही. टास्कबारवर जितके जास्त प्रोग्रॅम उघडाल तितकी ती रांग दोन्हीकडे पसरते आणि स्टार्ट डावीकडे सरकत जातं. म्हणजे सकाळी एका जागी, दुपारी दुसऱ्या. डोळे वर करून शोधावंच लागतं.

तेव्हा धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: दोन्ही. 'रंग आवडला नाही' ही सवय. 'हात चुकतोय' हे बिघडणं. पहिलं महिन्याभरात विरतं, दुसरं नाही. आमच्याकडे बैठकीत दोन्ही तक्रारी एकाच डब्यात टाकतात आणि वर लिहितात, 'वापरकर्त्यांचा बदलाला विरोध'.

दहा_अ_फलाट

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

रेवती_वाशी

@खिडकीतला_कावळा, पण मग तुम्ही लोक बदलताच कशाला? कोणी मागितलं होतं?

खिडकीतला_कावळा

बऱ्याचदा आकडे बघून. विंडोज ८ च्या वेळी कंपनीने जाहीरच मांडलं होतं की लोक स्टार्ट मेनू पूर्वीपेक्षा कमी उघडतात, टास्कबारवर टाचून ठेवलेलंच वापरतात. आकडे खरे असतील. पण दिवसातून दोनदा वापरतो म्हणून जिना काढून टाकत नाहीत ना. आणि टॅब्लेटची धास्तीही होती तेव्हा सगळ्यांना.

विटाव्याचा_पूल

यावरून आठवलं. ९ डिसेंबर २०२३. दादरच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ ते १४ झाले. मी रोज ठाणे-दादर करणारा. पहिला आठवडा काय गोंधळ! घोषणा ऐकायची, मनात वजाबाकी करायची, मग पळायचं. आमच्या ग्रुपमधला एक जण अजून जुनेच नंबर बोलतो.

पण खरं सांगायचं तर बदल बरोबर होता. आधी दादरला १ नंबर दोन होते, एक पश्चिमेचा, एक मध्यचा. बाहेरगावचा माणूस हमखास चुकीच्या पुलावर. आम्हाला त्रास झाला कारण आम्ही जुन्या घोळाला सरावलो होतो. नव्याला सोपं झालं. कॉम्प्युटरचंही तेच असावं का?

खिडकीतला_कावळा

@विटाव्याचा_पूल, फक्कड उदाहरण. फरक एवढाच की दादरला नंबर बदलले, फलाट जागचे हलले नाहीत. पाय जिथे न्यायचे तिथेच न्यायचे होते. इथे फलाटच सरकवलाय.

शून्य_शिल्लक

आणि गर्दी झाली की अजून सरकतो.

माऊसमामा

ठाण्याला हे सांगू नका, स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखालची रिक्षाची रांग कुठून सुरू होते ते मला अजून कळलेलं नाही.

मोडी_ते_मंगल

चरईत डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला द्यायचं) काम करते, १९९८ पासून. लग्नपत्रिका, वास्तुशांती, उद्घाटनं, दहावे-बारावे, सगळं.

माझ्या मते विंडोज ८ पेक्षा मोठा भूकंप ऑफिस २००७ चा होता. सगळे मेनू गेले, वर रुंद पट्टी आली, आणि 'फाइल' हा शब्दच नाहीसा झाला. त्याच्या जागी डाव्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह. ते बटण आहे हेच कोणाला कळेना, सगळ्यांना वाटायचं कंपनीचा शिक्का आहे. माझ्याकडच्या मुलीने दोन दिवस प्रिंट कशी काढायची ते शोधलं. तिसऱ्या दिवशी चुकून धक्का लागला आणि मेनू उघडला. २०१० च्या ऑफिसमध्ये 'फाइल' हा शब्द मुकाट्याने परत आला.

मी मात्र त्या दोन दिवसांत थांबले नव्हते, कारण मी माऊसला हात लावतच नाही. जुन्या मेनूतले ऑल्टचे कळक्रम नव्या पट्टीतही चालत होते. वर दिसायला काही का असेना, बोटांना फरक पडला नाही.

आणि याहून गंमत इनस्क्रिप्टची, म्हणजे मराठी टाइप करायच्या कळरचनेची. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. विंडोज किती आले-गेले, मंगल फॉन्ट आला, निर्मला आला, मे २०१९ च्या अपडेटमध्ये इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सोयही विंडोजमध्येच आली. पण माझी 'क' ची कळ आहे तिथेच आहे. म्हणून माझं दुकान चालू आहे.

धागाकर्त्याला सल्ला: काकांना माऊस सोडायला शिकवा.

अर्धा_कटिंग

@मोडी_ते_मंगल ताई, म्हणजे तुम्ही आणि मी एकाच पक्षात! +१

मोडी_ते_मंगल

बाळा, मी त्या पक्षात तुझ्या जन्माआधीपासून आहे.

पेंग्विन_पाचपाखाडी

लिनक्सवाला अजून आला कसा नाही, असं सगळे म्हणत असतील. आलो.

आमच्याकडेही हेच झालं. २०११ मध्ये ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली, जुनं टास्कबारवालं रूप गेलं. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स जाहीर वैतागले आणि एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेले (नंतर परतलेही). त्याच वर्षी उबुंटू या लिनक्सने युनिटी हे आपलं वेगळंच रूप सगळ्यांना दिलं, त्यावरही बोंबाबोंब. २०१७ मध्ये ते सोडून परत ग्नोमवर आले.

पण फरक बघा. ज्यांना जुनं हवं होतं त्यांनी नुसता आरडाओरडा केला नाही. ग्नोम २ चा कोड उचलला आणि 'माटे' नावाने पुढे चालवला. लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन नावाचा डेस्कटॉप केला. आज २०२५ मध्येही तुम्हाला २०१० सारखा डेस्कटॉप हवा असेल तर मिळतो. काकांना मिंट टाकून द्या, स्टार्ट कोपऱ्यात आणि टीपीएमची कटकटही नाही. जुनं मशिन भंगारात दिलंत की आहे?

शून्य_शिल्लक

आणि काकांच्या एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी कामं? ते तुम्ही येऊन दुरुस्त करणार का पाचपाखाडीहून?

पेंग्विन_पाचपाखाडी

मिसळ खाऊन येतो, मग सांगतो.

घोडबंदर_वळण

आमच्या घरी सध्या फोनचं रामायण चालू आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. नातवाने परदेशातून पाठवलेला आयफोन, आणि पडद्यावर त्याच नातवाचा फोटो. सप्टेंबरनंतर कोणीतरी अपडेट केलं आणि सगळं काचेचं झालं. आता मेसेजची पाटी येते ती पारदर्शक, तिच्यातून नातवाचा शर्ट दिसतो. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आहे. सासूबाई म्हणतात, "अक्षरं त्याच्या खिशात गेली."

ऐरोलीकर_जुना

@घोडबंदर_वळण, त्याला ॲपल 'लिक्विड ग्लास' म्हणतं. ९ जून २०२५ ला जाहीर झालं, सप्टेंबरमध्ये आलं. आवृत्तीचा नंबरही १८ वरून थेट २६. नीट वाचता येत नाही ही तक्रार जगभरातून झाली, म्हणून २६.१ मध्ये काच जरा गढूळ करायचा पर्याय दिलाय. सेटिंग्ज, डिस्प्ले, तिथे 'लिक्विड ग्लास', त्यात 'टिंटेड' निवडा. त्याने भागलं नाही तर ॲक्सेसिबिलिटीत 'पारदर्शकता कमी करा' आहे, ते चालू करा. अक्षरं खिशातून बाहेर येतील.

बाकी काच ही साड्यांच्या फॅशनसारखी आहे, दर काही वर्षांनी परत येते. २००० साली मॅकवर ॲक्वा आलं, पाण्याच्या थेंबासारखी बटणं. २००७ मध्ये विंडोज विस्टाची एअरो काच. मग २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ ने सगळं सपाट केलं, तेव्हा लोक म्हणाले अक्षरं फार बारीक, आणि त्या पुढेमागे झुलणाऱ्या पडद्याने काहींना चक्कर यायला लागली. आता परत काच.

घोडबंदर_वळण

केलं! दिसतंय म्हणाल्या. पण आता म्हणतात, "शर्ट दिसत नाही."

दहा_अ_फलाट

दंडवत त्यांना.

रेवती_वाशी

मला इथे थोडं उलट बोलायचंय. सगळे 'बिचारे ज्येष्ठ' असं धरून चाललेत. माझ्या बाबांनी फोनवरून पैसे पाठवायला स्वतः शिकून घेतलं, सिडकोच्या जुन्या घराची कागदपत्रं स्वतः स्कॅन केली. त्यांना नवीन शिकायचा कंटाळा नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की जे शिकलो ते निदान पाच वर्षं टिकू दे. एका बँकेचं ॲप दीड वर्षात तिसऱ्यांदा बदललं तेव्हा त्यांनी ते काढूनच टाकलं आणि पासबुक घेऊन शाखेत जायला लागले. तिथे ओळखीही झाल्या म्हणे.

आणि सांगून बदलत नाहीत, हा राग जास्त आहे. रात्री झोपताना एक घर, सकाळी उठावं तर मोरी स्वयंपाकघरात.

शून्य_शिल्लक

मोरी स्वयंपाकघरात असलेल्या चाळीत वाढलोय, भावना दुखावल्या.

माऊसमामा

एक इतिहास विसरू नका. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा त्याच्या निळ्या-हिरव्या रंगाला लोक खेळण्यातलं म्हणायचे. निम्मी ऑफिसं पहिल्या दिवशी 'क्लासिक'वर टाकून घ्यायची, करडं, चौकोनी. तेच एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला बंद झालं तेव्हा लोक अक्षरशः विनवण्या करत होते, मामा, काढू नका. म्हणजे रेवतीताई, राग विरतो. पण तेव्हा 'क्लासिक' हा दरवाजा उघडा होता. विंडोज ८ मध्ये तो कायमचा बंद केला.

खिडकीतला_कावळा

मामांशी शंभर टक्के सहमत. जुन्या रूपाची पळवाट ठेवली की अर्धा आरडाओरडा होतच नाही, आणि बहुतेक लोक सहा महिन्यांत आपणहून नव्याकडे येतात. पण दोन रूपं सांभाळायची म्हणजे दुप्पट चाचण्या, दुप्पट खर्च. त्यावर बैठकीत कोणी सही करत नाही.

घणसोली_लोकल

जाता जाता काकांसाठी: शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट उघडतो. आणि धागाकर्ते कुठे गायब? काका डावीकडे गेले की नाही?

अर्धा_कटिंग

काका डावीकडे गेले असं नका हो म्हणू, राजकीय धागा होईल.

तलावपाळी_कट्टा (धागाकर्ता)

उशीर झाला, क्षमस्व. तुमच्या शिव्या मनावर घेतल्या आणि परवा रविवारी ऑफिसात जाऊन स्टार्ट डावीकडे आणून ठेवलं. काका साडेदहाला आले. खुर्चीत बसले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे कोणी हलवलं?"

मी म्हटलं, काका, तुमच्यासाठीच जुन्या जागी आणलंय. त्यांनी काही न बोलता खणातून लाँगबुक काढलं. मधल्या तीन आठवड्यांत त्यांनी पट्टीने आखून पडद्याचा नकाशा काढला होता. निळ्या पेनने. खाली चार चौकोनांची खिडकी, तिला बाण, आणि बाणाशी लिहिलेलं (वहीतून जसंच्या तसं उतरवतोय):

"निळी खिडकी. जागा निश्चित नाही. फायली जास्त उघडल्यास डावीकडे सरकते. जागा पाहू नये, चित्र पाहावे. अथवा कीबोर्डवरील खिडकीची कळ दाबावी. ती हलत नाही."

@खिडकीतला_कावळा, तुमचा अख्खा प्रतिसाद चार ओळींत. @मोडी_ते_मंगल, कळ त्यांची त्यांनीच शोधली, मी शिकवली नाही.

वही पेनने लिहिलेली असल्यामुळे मला ते परत मधे करायला लावलं. खाडाखोड चालत नाही त्यांना.

डिसेंबरची बिलं वेळेवर, छापून आली. संध्याकाळपर्यंत दोन सभासदांची तक्रार: हाताने लिहिलेली बरी होती, यात थकबाकी कुठे लिहिलीय ते सापडत नाही.

माऊसमामा

काकांना सांगा, बिलबुक फेकू नका. क्लासिक व्ह्यू चालू ठेवा.